जपानचा कापूस

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यात शेजारच्या चाचींनी आमच्या घरात जपान आणून ठेवलं. मुंबई आता आपली राजधानी, असं शाळेत मास्तरांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. पण त्या राजधानीकडून पुसदच्या आमच्या गल्लीपर्यंत काही पोचलं असेल, तर तो एक चपटा पुठ्ठ्याचा डबा.

चाचींचं आणि आमचं घर एकाच भिंतीला टेकलेलं. त्यांच्या मालकांचं बाजारात कापडाचं दुकान होतं आणि चाचींचा धाकटा भाऊ मुंबईला बोटीवर खलाशी होता. तो जपानपर्यंत जाऊन आला आणि भाचीच्या लग्नासाठी हा डबा घेऊन आला. लग्न उमरखेडला ठरलं होतं, उन्हाळ्यात. त्यांच्यात निकाह झाला की नवरा-नवरीला एका ओढणीखाली बसवतात आणि मधे आरसा धरतात. त्या आरशात दोघं पहिल्यांदा एकमेकांचं तोंड पाहतात. तोवर आरसा झाकलेला असतो, आणि तो झाकायला जपानी रेशमाचा रुमाल असावा अशी चाचींची हौस होती.

"माझ्या पोरीले सुई धरली का घाम सुटते," चाची आईला म्हणाल्या. "हे तिचं काम नाही. तुमच्या हाताले देऊन राह्यली मी, बाई. भाऊ म्हणते, असं रेशीम मुंबईलेबी भेटत नाही. जेवढं आहे तेवढंच आहे."

माझ्या आईच्या शिवणाचं नाव होतं, पण ते गोधड्या, पोलकी आणि फार तर दारावरच्या तोरणाचं. ज्याच्याशिवाय अडतं अशाच गोष्टी तिच्याकडे लोक घेऊन यायचे. अडत नसलेली, नुसती सुंदर असावी म्हणून करायची गोष्ट तिच्याकडे आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. तिने पदराला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि झाकण काढलं.

आम्ही तिघीही गप्प झालो. मी गप्प होणं ही आमच्या घरात मोठी घटना होती. सायीच्या रंगाचं साटीन होतं, चौकोनी, त्यावर निळसर फिकट रेघांनी पानाफांदीसकट एक मोठं फूल काढलेलं. बाजूला रेशमाच्या लड्या. पांढरी, गुलाबी दोन तऱ्हेच्या, पिवळी, तपकिरी, हिरव्या तर तीन. त्या रेशमाला पीळच नव्हता. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं, धागा म्हटला की पीळ आलाच, तो नसला तर त्याला धागा म्हणायची आमची तयारी नसते. हे मात्र नुसतं सुटं होतं, केसाहून बारीक तारा शेजारी शेजारी निजलेल्या, आणि डबा जरा हलवला की त्यांच्यावरून उजेड सरकत जायचा. मला खरोखर भीती वाटली. हे कोणी माणसाने केलं असेल आणि आपल्याला त्याला हात लावायचा आहे, हे एकदम झेपेना.

सोबत एक कागद होता. वरून खाली लिहिलेली अक्षरं, त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चित्रं होती. एका चित्रात लाकडी चौकटीवर कापड ताणलेलं. एकात सुई. आणि एकात नुसते दोन हात, तळवे एकमेकांवर टेकवलेले.

आईने ते चित्र कौतुकाने पाहिलं. "पाह्य व, कामाले बसाच्या आंधी नमस्कार करते थे लोकं. किती चांगली रीत आहे."

झालं. त्या दिवसापासून आई सुई हातात घेण्याआधी कापडाला नमस्कार करू लागली, आणि मलाही करायला लावू लागली. मी सातवीत होते आणि देवालासुद्धा घाईत हात जोडणारी होते, पण त्या कापडापुढे माझे हात आपोआप जुळायचे.

चौकटीसाठी माझी बाज गेली. लहान होती, चारी पाय मजबूत होते, हा तिचा गुन्हा. आईने तिची सुतळी सोडली, साटिनाच्या कडेला जुन्या लुगड्याचे काठ शिवले आणि ते दोऱ्यांनी बाजेच्या लाकडांना असे ताणून बांधले की टिचकी मारली तर कापड वाजायचं. मी जमिनीवर झोपू लागले. त्याबद्दल मी रोज कुरकुर करत असे आणि रोज सकाळी सगळ्यांत आधी त्या बाजेशी जाऊन उभीही राहत असे.

पण पहिला टाका घालायलाच किती दिवस गेले. कापसाची वेचणी चालू होती. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना लागतात, कातडी चिरते, नखांच्या कडेला कुसं निघतात. आईने रेशमाची तार उचलली की ती बोटाला धरायची, फुगायची, तिची लव उभी राहायची. आईने हात दगडाने घासले, ज्वारीच्या पिठाने चोळले. तेल लावायची सोय नव्हती, डाग पडला असता. शेवटी तिने बाबांना सांगून टाकलं, की रुमाल होईस्तोवर मी वेचायला येणार नाही. बाबा काही बोलले नाहीत. आईने कशाला नाही म्हटलेलं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं होतं, त्यामुळे काय बोलायचं असतं ते त्यांना माहीत नसावं.

मग हात मऊ झाले आणि फूल सुरू झालं. आई एक तार कापडावर आडवी टाकायची, सुईच्या पाठीने हलकेच सपाट करायची, तिच्या शेजारी दुसरी. पाकळीच्या टोकाला पांढरी, आत जाता जाता गुलाबी. झाकणावर रंगीत चित्र होतं, पण रंग कुठे बदलतो ते त्यात नीट दिसत नव्हतं. तेव्हा आई मला घेऊन शेतात गेली. वेचणी निम्मी झाली तरी पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, उशिराची दोन-चार फुलं असतातच. कपाशीचं फूल उमलतं तेव्हा फिकट असतं आणि सुकता सुकता गुलाबी होतं. आई बांधावर बसून एकेक पाकळी उलगडून पाहत होती. जन्मभर ज्या फुलाखालचं बोंड ती वेचत आली, ते फूल तिने तोवर असं पाहिलंच नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर मला लख्ख दिसलं.

"रंग पाकळीच्या देठाकडून चढते," ती म्हणाली. "आपन वरतून चढवून राह्यलो होतो."

घरी येऊन तिने पाकळी उसवली आणि पुन्हा भरली. दुपारी खिडकीतून ऊन आलं आणि ती पाकळी उजळली. मी डोकं डावीकडे केलं तर ती पांढरी, उजवीकडे केलं तर गुलाबी. मी मुकाट्याने डोकं हलवत उभी राहिले. चाची भिंतीपलीकडून आल्या, त्यांनी पाहिलं आणि "या अल्ला" एवढंच म्हणून खाली बसल्या.

आता आबाजींबद्दल सांगायला हवं. आबाजी म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड-अंधार तेवढा कळायचा. चळवळीच्या दिवसांपासून त्यांनी टकळीवर सूत कातलं होतं आणि डोळे गेल्यावर शेत सुटलं, बाजार सुटला, एवढी टकळी राहिली. सूत जिथे जमा करायचं तिथल्या एका शहाण्याने आदल्या वर्षी चारचौघांत म्हटलं होतं, "आबाजी, तुमचं सूत आता जाडंभरडं येते, राहू द्या आता." आबाजींनी घरी येऊन टकळी आढ्याला खोचली. मग बोलणं थांबलं, भाकरी निम्म्यावर आली. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आईने हळूहळू त्यांना उठवलं. गोधडी शिवायला सूत पाह्यजे जी, असं रोज म्हणून म्हणून तिने ती टकळी पुन्हा त्यांच्या हातात दिली. तेव्हापासून आबाजींच्या सुताला घरात कोणी नाव ठेवायचं नाही असं ठरून गेलं होतं. टकळी परत आढ्याला गेली तर या खेपेला माणूस उठायचा नाही, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

एके दिवशी अचानक आभाळ भरून आलं. फुटलेला कापूस शेतात होता, भिजला असता तर वर्ष वाया. आई बोटांना चिंध्या गुंडाळून निघाली, मलाही नेलं. पांढऱ्या आणि गुलाबी लड्या तिने मलमलीत गुंडाळून पेटीत ठेवल्या होत्या. हिरव्या, पिवळी आणि तपकिरी डब्यात होत्या आणि डबा फळीवर होता, जिथे आबाजींचे पेळू, कातायच्या कापसाच्या वळ्या, असत तिथे, शेजारी.

संध्याकाळी आम्ही घामाघूम होऊन परत आलो तर आबाजी त्यांच्या बाजेवर ताठ बसलेले. चेहरा असा की मी इतका आनंद त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

"सूनबाई," ते म्हणाले, "हा कापूस कुठचा आहे व? माये पेळू सरले म्हून फळीवर हात फिरवला त हा लागला. जल्मात असा कापूस नाही पाह्यला म्या. ओढला त तुटतच नाही लेकाचा! अन् लांब किती. जपानचा हाये का? चाचीच्या भावानं आनला थो?"

त्यांच्या मांडीवर टकळी होती. टकळीवर आमचं हिरवं रेशीम होतं. शेजारी पिवळं आणि तपकिरी, नीट गुंड्या करून ठेवलेलं. सगळं, अगदी शेवटच्या तारेपर्यंत, घट्ट पीळ दिलेलं. त्यांनी कापूस समजून जपान कातलं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडलंच होतं. आईने माझा दंड असा धरला की चिंध्यांमधूनही तिची नखं रुतली.

"हो जी मामाजी, जपानचा," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "चांगलं निघालं सूत."

"चांगलं?" आबाजी दुखावल्यासारखे म्हणाले. "अवं, असं सूत कोनी कातलं नसंल या जिल्ह्यात."

आई स्वयंपाकघरात गेली आणि चुलीपुढे बसली. मी तिच्या मागे. तिने चूल पेटवली नाही. "चाचीले काय सांगू मी आता?" ती एवढंच म्हणाली. मी पुन्हा काही बोलायला गेले तर म्हणाली, "थ्याईले सांगतलं नं, त याद राख. टकळी आढ्याले जाईन." ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस वाईट गेले. आईने एक हिरवी तार घेऊन उलटा पीळ देऊन पाहिली. पीळ गेला, पण तार वेडीवाकडी झाली, तिला लव सुटली, चमक परत येईना. ओली करून पाहिली, तीही वाया गेली. मधे फुलाच्या पाकळ्या तेवढ्या पूर्ण होत्या, अधांतरी. ना केसर, ना देठ, ना पान, ना फांदी. आई रोज बाजेपाशी येऊन नमस्कार करायची आणि न बसता निघून जायची. चाची यायच्या, फुलाकडे बघून खूश व्हायच्या. आईने अजून त्यांना सांगितलं नव्हतं. लग्नाची साखर वाटून झाली होती. त्या गेल्या की आई पार थकून जायची. मला आबाजींचा राग यायचा आणि राग येतो म्हणून स्वतःचाही.

मग एका सकाळी आई देवापुढे बसून वाती वळत होती. कापूस दोन्ही तळव्यांमधे धरून वरचा हात पुढे ढकलायची, की वात तयार. मी शेजारी बसून पाहत होते. तळवे एकमेकांवर टेकवलेले, बोटं सरळ. हे मी कुठे पाहिलंय, असं मला वाटत राहिलं. आणि मग मी उठून धावले, तो जपानी कागद आणला आणि उजेडात धरला. त्या दोन तळव्यांच्या मधून, दोन्ही बाजूंनी, एक बारीक रेघ बाहेर आलेली होती. इतके दिवस आम्ही ती पाहिलीच नव्हती.

"आई! हा नमस्कार नाही व! हे वात वळून राह्यले!"

आईने कागद हातात घेतला. झाकणावरचं चित्र मागून घेतलं. आता आम्ही दोघी फुलाकडे न पाहता पहिल्यांदाच फांदीकडे पाहत होतो. फूल चमकत होतं, फांदी नव्हती चमकत. तिच्यावर बारीक तिरक्या रेघा होत्या, सगळ्या एका अंगाला झुकलेल्या. पीळ! फुलातले पिवळे केसरही तसेच. जपानच्या बायका सुटं रेशीम घेऊन फांदीपुरतं, केसरांपुरतं हातावर वळत होत्या आणि आम्ही त्यांना रोज नमस्कार करत होतो. आई हसायला लागली. कागद तोंडाशी धरून ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना.

फांदी निघाली. आबाजींचा तपकिरी धागा साटिनावर टाकला की तो फुलाच्या रेशमासारखा सपाट निजत नव्हता, उठून उभा राहत होता, आणि तेच हवं होतं. बोट फिरवलं तर झाडाची साल. केसर तर बघतच राहावेत असे आले. पानांचं काय? झाकणावरची पानं लखलखत होती, त्यांना सुटंच रेशीम हवं होतं, ते आमच्याकडे उरलं नव्हतं. आईने तीन हिरवे पीळदार धागे घेतले आणि पानाच्या शिरेपासून तिरके टाकत गेली. ती पानं जपानची झाली नाहीत. मंद, थोडी खरबरीत, आमच्याकडच्या पऱ्हाटीच्या पानांसारखी झाली. पण त्या मंद पानांमधे ते फूल असं काही पेटलं, की झाकणावरचं चित्र मला त्यापुढे फिकं वाटायला लागलं. मी तेव्हापासून पुष्कळ भरतकाम पाहिलं, शहरातली प्रदर्शनंही पाहिली. आपल्याच आईच्या हातांकडे पाहून अंगावर काटा येणं मला पुन्हा तसं अनुभवायला मिळालं नाही.

लग्नाच्या आधी चाची रुमाल न्यायला आल्या. बाजेवरून कापड सोडवलं, तेव्हा आईने त्यांना आधी सगळं सांगितलं, हळू आवाजात, पानांचंही. चाचींनी पानांवर बोट फिरवलं. "मले त काई कमी दिसत नाही, बाई," त्या म्हणाल्या, आणि माझ्या आईचे दोन्ही हात उचलून त्यांनी डोळ्यांना लावले.

"मले दाखवा ना," ओसरीवरून आबाजी म्हणाले. "माया सुताचं काय केलं थे पाहू द्या."

आई थबकली. आबाजींचं पाहणं म्हणजे हात फिरवणं. मी त्यांचे हात धुतले, कोरडे केले. आईने रुमाल त्यांच्या मांडीवर पसरला. त्यांची बोटं आधी फुलावर पडली. ती तिथेच थांबली. पुढे गेली, मागे आली, पाकळीच्या कडेवरून फिरली.

"हे काय आहे व?" ते म्हणाले. "पान्यावानी लागते. याले त पीळच नाही."

बोटं खाली सरकली, फांदीवर आली, आणि त्यांनी लगेच ओळखलं. "हे मायं," ते म्हणाले. मग परत फुलावर गेली. मग पुन्हा फांदीवर. मी त्यांचा चेहरा पाहत होते आणि त्यांना ते कळलं तो क्षण मला दिसला. त्यांनी हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"सूनबाई. पीळ द्याचा नोयता काय त्याले?"

आढ्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी बघितलं.

आई त्यांच्या पायाशी बसली. खोटं बोलणं तिला सोपं होतं, चाचींनीही मान हलवून तेच सुचवलं. आई म्हणाली, "फुलाले नोयता द्याचा, मामाजी. पानालेबी नोयता. फांदीले पाह्यजेच होता. मले ठाव नोयतं. तुमी सगळ्यालेच देल्ला."

"मंग पानं खराब झाली."

"येगळी झाली. हात लावून पाहा नं जी."

मग त्यांनी हात उचलला आणि पान शोधलं. शिरेवरून कडेपर्यंत, कडेवरून शिरेपर्यंत, त्यांचा अंगठा चालत राहिला. चाचींनी पदर तोंडाला लावला होता.

"पऱ्हाटी आहे ही," आबाजी म्हणाले.

"हो जी."

"आनखी सूत लागंल काय?"

घरात रेशमाची एक तार उरली नव्हती. रुमाल पुरा झाला होता, त्याच संध्याकाळी तो उमरखेडच्या सामानात जाणार होता.

"लागंल नं जी," आई म्हणाली. "मले आता कपाशीचं फूल काहाडाचं आहे. साध्या सुताचं. आजच सुरू करतो म्हनून राह्यली."

मला हे नवीन होतं. बहुधा तिलाही होतं. आबाजींनी माझ्या बाजूला हात पुढे केला, नेहमी करायचे तसा, बोटं जरा हलवत.

"पोरी, टकळी दे. अन् या खेपेले मले आंधी इचारा, कोन्त्याले पीळ द्याचा अन् कोन्त्याले नाही थे."

माझी बाज मला पुढची कित्येक वर्षं परत मिळाली नाही.